संचालक मंडळ व कृत्रिम बुद्धिमत्ता

संचालक मंडळ व कृत्रिम बुद्धिमत्ता : कंपनी, बँक किंवा सहकारी संस्था आपल्या कामकाजात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ज्या प्रणाली वापरते, त्यांची निवड, वापर व परिणाम यांवर त्या संस्थेच्या संचालक मंडळाने ठेवावयाची देखरेख. कर्ज मंजूर करणे, नोकरभरतीसाठी अर्ज छानने, विम्याचा दावा स्वीकारणे वा पिकास पाणी केव्हा द्यावे हे सांगणे यांसारखी कामे पूर्वी अधिकारी व तज्ञ करीत आणि निर्णयाची कारणे कागदावर नोंदवीत. असे निर्णय संगणकाच्या शिफारशीवरून होऊ लागले, तेव्हा चुकलेल्या निर्णयाचे उत्तर कोणी द्यावयाचे, हा प्रश्न उपस्थित झाला. यंत्र ही कायद्याने व्यक्ती नाही. त्याला नोटीस बजावता येत नाही आणि त्याच्याकडून भरपाईही मागता येत नाही. त्यामुळे जबाबदारी यंत्र वापरणाऱ्या संस्थेकडे आणि संस्थेच्या वतीने अंतिमतः संचालक मंडळाकडे येते.

संचालक मंडळ दैनंदिन कारभार करीत नाही. धोरण ठरविणे, प्रमुख अधिकाऱ्यांची नेमणूक करणे, जोखमीची मर्यादा आखणे व कामाचा जाब विचारणे ही त्याची कामे होत. कृत्रिम बुद्धिमत्तेची गणिती घडण प्रत्येक संचालकास उमगलीच पाहिजे, अशी अपेक्षा म्हणून नसते. साखर कारखान्याच्या संचालकास बॉयलरची अंतर्रचना ठाऊक असतेच असे नाही. तथापि बॉयलरची तपासणी केव्हा झाली, कोणी केली व तीत काय आढळले, हे त्याने विचारावयाचे असते. हेच तत्त्व येथेही लागू पडते.

पूर्वपीठिका : काम करणारा व ते तपासणारा वेगळा असावा, हा विचार जुना आहे. शिवकालीन अष्टप्रधानांपैकी सचिवाकडे राजपत्रांतील मजकूर पाहून त्यातील अधिकउणे दुरुस्त करणे आणि महाल-परगण्यांचे हिशेब तपासणे ही कामे होती. हे पद राजाराम महाराजांच्या काळात शंकराजी नारायण यांच्याकडे आले आणि त्यांच्या वंशाकडील भोर संस्थान १९४८ मधील विलीनीकरणापर्यंत ‘पंतसचिवांचे’ म्हणूनच ओळखले गेले. संयुक्त भांडवली कंपन्यांचा प्रसार झाल्यावर मालक असलेले भागधारक व कारभार पाहणारे व्यवस्थापक यांच्यात अंतर पडले आणि भागधारकांच्या वतीने देखरेख करण्याचे काम संचालक मंडळाकडे आले. भारतात २००९ मध्ये उघडकीस आलेल्या सत्यम कंपनीच्या हिशेबातील गैरव्यवहाराने ही देखरेख किती नाममात्र असू शकते, हे दाखवून दिले. त्यानंतरच्या कंपनी अधिनियम, २०१३ अन्वये नोंदणीकृत शेअरबाजारांत भाग असलेल्या सार्वजनिक कंपन्यांच्या मंडळात किमान एकतृतीयांश स्वतंत्र संचालक असणे बंधनकारक झाले.

देखरेखीच्या कर्तव्याचे न्यायालयीन विवेचन अमेरिकेतील डेलावेअर राज्यात विशेषत्वाने झाले. १९९६ च्या केअरमार्क प्रकरणात, माहिती वर पोहोचविणारी काही व्यवस्था मंडळाने प्रामाणिकपणे उभारली पाहिजे, असे तत्त्व मांडले गेले. ब्लू बेल ह्या आइस्क्रीम बनविणाऱ्या कंपनीच्या मालातून २०१५ मध्ये जंतुसंसर्ग होऊन तीन व्यक्ती मरण पावल्या. त्या संबंधीच्या दाव्यात २०१९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने असे सांगितले, की खाद्यपदार्थ बनविणाऱ्या कंपनीत अन्नाची सुरक्षितता हा प्राणभूत विषय असून त्यावर मंडळाचे लक्षच नसणे हा कर्तव्यभंग ठरू शकतो. ज्या बँकेची कर्जे किंवा ज्या विमा कंपनीचे दावे संगणक ठरवितो, त्या संस्थेत ती प्रणाली हाही असाच प्राणभूत विषय होय, असे आता अनेक विधिज्ञ मानतात.

प्रणालींचे स्वरूप व त्यांतील दोष : नेहमीच्या संगणकीय आज्ञावलीत नियम माणसाने लिहिलेले असतात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बहुतेक आधुनिक प्रणालींत नियम लिहून दिले जात नाहीत. पूर्वीच्या असंख्य उदाहरणांवरून प्रणाली स्वतःच आडाखे बांधते. अशा आडाख्यांच्या गणिती मांडणीस प्रतिमान म्हणतात. ह्या पद्धतीतून चार मुख्य दोष संभवतात : (१) शिकविण्यासाठी वापरलेली माहिती एकांगी असल्यास निर्णयही एकांगी होतात. (२) परिस्थिती बदलली, की जुन्या माहितीवर शिकलेले प्रतिमान हळूहळू चुकू लागते. मात्र ते बंद पडत नसल्याने चूक लक्षात येत नाही. (३) निर्णयाचे कारण पुष्कळदा साध्या शब्दांत सांगता येत नाही. (४) मजकूर तयार करणाऱ्या प्रणाली खोटी माहितीही खात्रीच्या सुरात देतात. यांखेरीज अनेक संस्था एकाच पुरवठादारावर अवलंबून असतील, तर एका ठिकाणची चूक सर्वत्र पसरते.

संचालक मंडळापुढे सामान्यतः अचूकतेचा एकच सरासरी आकडा ठेवला जातो. त्यात काय दडू शकते, हे पुणे जिल्ह्यातील भोर व वेल्हे (आता राजगड) ह्या तालुक्यांच्या भूरचनेवरून घेतलेल्या एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. ह्या भागाच्या पश्चिमेस सह्याद्रीचा अतिपर्जन्याचा डोंगराळ पट्टा असून तेथे उतारावरील लहान लहान खाचरांत भात व वरकस जमिनीत नाचणी, वरी ही पिके होतात. पूर्वेकडे नीरेच्या खोऱ्यात तुलनेने सपाट व बागायती जमिनी आहेत. एखाद्या बँकेने अशा प्रदेशातील २,००० पीककर्जाचे अर्ज प्रतिमानाकडून छाननीस दिले व त्यांपैकी १०० निर्णय चुकले, असे समजू. मंडळास कळविली जाणारी अचूकता ९५ टक्के असेल. आता १,८०० अर्ज सपाटीवरील गावांचे व २०० अर्ज डोंगरी गावांचे असून चुकांपैकी ४० सपाटीवरील व ६० डोंगरी अर्जांत झाल्या असतील, तर सपाटीवर चुकीचे प्रमाण सुमारे २.२ टक्के व डोंगरात ३० टक्के पडते. सरासरीने समाधानकारक दिसणारी प्रणाली डोंगरातील दर दहांपैकी तीन अर्जदारांच्या बाबतीत चुकत आहे, ही गोष्ट मंडळाच्या टिपणात कोठेच येत नाही.

असा फरक पडण्याची कारणे अनाकलनीय नसतात. पावसाळ्यात ढगांमुळे प्रकाशीय उपग्रहचित्रे पुष्कळदा उपयोगी पडत नाहीत आणि भाताचा हंगाम नेमका तोच असतो. मोफत मिळणाऱ्या सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रात सर्वांत लहान ठिपका १० मीटर बाजूचा असतो. अरुंद खाचर त्यात वेगळे उमटत नाही. सात-बारा उताऱ्यावर अनेक सहहिस्सेदारांची नावे असली, तर प्रत्यक्ष कसणाऱ्याचा हिस्सा त्यावरून ठरत नाही. ज्याचे व्यवहार रोखीने होतात, त्याचा डिजिटल मागोवा उरत नाही आणि प्रतिमान त्या उणिवेलाच जोखीम समजू शकते. कर्ज नाकारले गेल्यास पेरणीचा हंगाम थांबत नाही. अर्जदारास सावकाराकडे जावे लागते. म्हणूनच चुका किती झाल्या ह्याबरोबरच त्या कोणाच्या वाट्यास आल्या, हे विचारणे हा देखरेखीचा गाभा होय.

भारतातील कायदेशीर स्थिती : कंपनी अधिनियमात कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी स्वतंत्र कलम नाही; तथापि सर्वसाधारण तरतुदी पुरेशा व्यापक आहेत. कलम १६६ प्रमाणे संचालकाने योग्य ती काळजी, कौशल्य व तत्परता दाखवून स्वतंत्र बुद्धीने निर्णय घ्यावयाचा असतो. यंत्राची शिफारस न तपासता मान्य करणे हे ह्या कसोटीस उतरणे कठीण आहे. कलम १३४ अन्वये मंडळाच्या अहवालात जोखीम व्यवस्थापनाच्या धोरणाचे निवेदन द्यावे लागते, तर कलम १७७ मधील लेखापरीक्षण समितीकडे अंतर्गत वित्तीय नियंत्रणे व जोखीम व्यवस्थापन यांचे मूल्यमापन सोपविलेले आहे. भारतीय प्रतिभूती व विनिमय मंडळाच्या (सेबी) २०१५ च्या विनियमांनुसार बाजारमूल्याने पहिल्या १,००० कंपन्यांना जोखीम व्यवस्थापन समिती नेमावी लागते.

सेबीने २०१९ मध्ये शेअर दलाल, म्युच्युअल फंड इत्यादींकडून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापराची माहिती मागविण्यास सुरुवात केली. २०२५ मधील दुरुस्तीने, प्रणाली स्वतः तयार केलेली असो वा दुसऱ्याकडून घेतलेली असो, गुंतवणूकदारांच्या माहितीची सुरक्षितता आणि प्रणालीने दिलेली फलिते यांची जबाबदारी ती वापरणाऱ्या संस्थेचीच राहील, असे स्पष्ट केले. ‘पुरवठादाराची चूक’ हे समर्थन त्यामुळे उरले नाही.

बँकांच्या बाबतीत भारतीय रिझर्व्ह बँकेचे माहिती तंत्रज्ञानविषयक निदेश १ एप्रिल २०२४ पासून अंमलात आले. व्यापारी बँका व मोठ्या बँकेतर वित्तीय कंपन्या यांना त्यांनुसार मंडळाच्या पातळीवर किमान तीन संचालकांची माहिती तंत्रज्ञान समिती ठेवावी लागते. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्राध्यापक पुष्पक भट्टाचार्य यांच्या अध्यक्षतेखाली रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२४ मध्ये नेमलेल्या समितीचा अहवाल ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सात सूत्रे व २६ शिफारशी आहेत. मंडळाने मंजूर केलेले धोरण असणे, वापरातील सर्व प्रणालींची यादी ठेवणे, दुर्घटना कळविणे आणि आपण यंत्राशी बोलत आहोत हे ग्राहकास सांगणे या त्यांपैकी काही होत. ह्या समितीसाठी केलेल्या पाहणीत ६१२ संस्थांपैकी १२७ संस्था, म्हणजे सु. २१ टक्के, कृत्रिम बुद्धिमत्ता वापरीत वा विकसित करीत असल्याचे आढळले. मंडळाच्या पातळीवर देखरेखीची काही चौकट असल्याचे उत्तर देणाऱ्यांपैकी सुमारे एकतृतीयांशांनीच सांगितले व त्यांत मुख्यतः मोठ्या बँका होत्या. केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांचा रोख नवा कायदा करण्यापेक्षा अस्तित्वात असलेले कायदे लागू करण्यावर आहे.

सहकारी संस्थांतील प्रश्न : महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात ‘संचालक मंडळ’ हा शब्द कंपनीपेक्षा सहकारी संस्थेच्या संदर्भात अधिक परिचित आहे. भोर तालुक्यात निगडे (अनंतनगर) येथे राजगड सहकारी साखर कारखाना उभारण्यात आला. गावोगावच्या विविध कार्यकारी सोसायट्या पुणे जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेशी जोडलेल्या आहेत. अशा संस्थांत ग्राहक, मालक व मतदार एकच असतो. संचालक बहुधा शेतकरी सभासदच असतात. त्यांना पीक, पाणी व माणसे यांची जाण असते, परंतु संगणकीय प्रणालीच्या कराराची परिभाषा अपरिचित असते.

ही बाब दूरची राहिलेली नाही. बारामती येथील कृषी विकास संस्थेने मायक्रोसॉफ्ट व ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्या सहकार्याने उसावर प्रयोग केले असून त्यांत हवामान केंद्र, जमिनीतील संवेदक व उपग्रहचित्रे यांच्या आधारे पाणी, खत व तोडणी यांविषयी शेतकऱ्याच्या मोबाइलवर सल्ला दिला जातो. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने २०२५ मध्ये ह्या पद्धतीच्या प्रसारासाठी जी योजना मांडली, तीत हेक्टरी २५,००० रुपये खर्चापैकी ९,००० रुपये शेतकऱ्याने, ६,७५० रुपये कारखान्याने व ९,२५० रुपये संस्थेने द्यावयाचे होते. राज्य शासनानेही २०२५ मध्ये कृषी क्षेत्रासाठी २०२५ ते २०२९ ह्या काळाचे कृत्रिम बुद्धिमत्ता धोरण मंजूर केले. कारखान्याच्या वाट्याची रक्कम सभासदांच्या पैशातून जात असल्याने, बारामतीच्या कोरड्या व सपाट प्रदेशात बसविलेले आडाखे डोंगर-उताराच्या व अधिक पावसाच्या शिवारात तपासून पाहिले आहेत काय, हे विचारणे संबंधित मंडळाचे कर्तव्य ठरते. शेतकऱ्याच्या शेताची माहिती करार संपल्यावर कोणाकडे राहील, हा दुसरा प्रश्न. केंद्राने २०२२ मध्ये ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केल्याने अशी माहिती मोठ्या प्रमाणावर एकत्र येत असून तिचे महत्त्व वाढत आहे.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये उपयुक्त तरतुदी आहेत. समितीच्या सदस्यांची कमाल संख्या २१ असून त्याखेरीज दोन तज्ञ संचालक स्वीकृत करता येतात. त्यांना मताचा अधिकार नसतो. ह्यांपैकी एक जागा माहिती तंत्रज्ञानाच्या जाणकारास देता येईल. कलम ८८ प्रमाणे संस्थेचे नुकसान करणाऱ्या पदाधिकाऱ्यांकडून भरपाई वसूल करता येते. १०० कोटी रुपये वा अधिक ठेवी असलेल्या नागरी सहकारी बँकांनी संचालक मंडळाखेरीज तज्ञांचे व्यवस्थापन मंडळ नेमावे, असे रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्ये ठरविले. संचालक निवडून आलेले असणे व कामास आवश्यक ज्ञान उपलब्ध असणे या दोन गोष्टींची सांगड घालण्याचा हा प्रयत्न होय.

शासकीय कंपन्यांत प्रश्न आणखी वेगळा असतो. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये पोलिसांच्या कामात कृत्रिम बुद्धिमत्ता वापरण्यासाठी ‘मार्व्हल’ ही कंपनी नागपूर येथे स्थापन केली. अशा कंपनीच्या प्रणालीचा परिणाम ज्यांच्यावर होतो, ते तिचे भागधारक नसतात व ग्राहकही नसतात. ते सामान्य नागरिक असतात. त्यांना मंडळ बदलता येत नाही वा सेवा नाकारता येत नाही. तेथे न्यायालय, विधिमंडळ व लेखापरीक्षक यांची बाह्य देखरेख अधिक महत्त्वाची ठरते.

इतर देशांतील अनुभव : नाइट कॅपिटल ह्या अमेरिकी दलाल कंपनीत १ ऑगस्ट २०१२ रोजी सदोष स्वयंचलित आज्ञावलीमुळे सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरचा तोटा झाला. ही आज्ञावली आजच्या अर्थाने कृत्रिम बुद्धिमत्तेची नव्हती. परंतु यंत्र चुकू लागल्यावर ते थांबविण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हे आधी ठरलेले नसल्यास काय होते, याचे हे उदाहरण मानले जाते. झिलो कंपनीने घरांच्या किंमतींचे संगणकीय अंदाज बांधून घरे खरेदी करण्याचा व्यवसाय नोव्हेंबर २०२१ मध्ये गुंडाळला. अंदाज बाजाराशी जुळत नव्हते. नेदर्लंड्समध्ये बालसंगोपन भत्त्याच्या छाननीत हजारो कुटुंबांवर लबाडीचा ठपका चुकीने आला. त्यातील जोखीम ठरविणाऱ्या प्रणालीत नागरिकत्वाचाही विचार होत असे. ह्या प्रकरणी जानेवारी २०२१ मध्ये तेथील मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरील संवादयंत्राने एका प्रवाशास सवलतीविषयी चुकीची माहिती दिली. ते यंत्र आपल्या कृतीस स्वतःच जबाबदार आहे, असा कंपनीचा युक्तिवाद ब्रिटिश कोलंबियातील न्यायाधिकरणाने २०२४ मध्ये फेटाळला व भरपाई देवविली. यूरोपीय संघाचा कायदा १ ऑगस्ट २०२४ रोजी अंमलात आला. व्यक्तीची पत ठरविणे हा वापर त्यात उच्च जोखमीचा मानलेला असून त्यावर मानवी देखरेख आवश्यक केली आहे.

देखरेखीची साधने : वरील अनुभवांतून मंडळाने करावयाच्या गोष्टींविषयी बऱ्याच अंशी एकमत झाले आहे. पहिली पायरी म्हणजे नोंदवही : कोणती प्रणाली, कोणत्या कामासाठी, कोणाकडून घेतली व तिला जबाबदार अधिकारी कोण, हे तीत असावे. जी प्रणाली यादीतच नाही तिच्यावर देखरेख होऊ शकत नाही. त्यानंतर प्रणालींची जोखमीनुसार वर्गवारी करावी. पत्राचा मसुदा करणारी प्रणाली व कर्ज नाकारणारी प्रणाली यांना एकच नियम लावू नये. माणसाच्या उपजीविकेवर परिणाम करणाऱ्या निर्णयांत फेरविचार करण्याचा खरा अधिकार असलेला अधिकारी नेमावा. पुरवठादाराशी होणाऱ्या करारात तपासणीचा हक्क, माहितीची मालकी व करार संपल्यावरची व्यवस्था लिहून घ्यावी. प्रणाली तयार करणाऱ्यांखेरीज अन्य कोणाकडून तिची तपासणी करून घ्यावी व निष्कर्ष गाव, लिंग, धारणक्षेत्र इत्यादींप्रमाणे वेगवेगळे मांडून घ्यावेत. चुका व तक्रारी यांचा गोषवारा प्रत्येक तिमाहीस मंडळापुढे यावा आणि त्यावरील चर्चा इतिवृत्तात नोंदविली जावी; पुढे वाद झाल्यास मंडळाने काय विचारले होते, याचा तोच पुरावा असतो.

मर्यादा : ही व्यवस्था खर्चिक असून लहान संस्थांना ती पेलणे कठीण जाते. अनेक लहान संस्थांनी मिळून एक तपासणी यंत्रणा ठेवणे किंवा शिखर संस्थेने ते काम करणे, हा त्यावरील एक मार्ग होय. देखरेखीचा अतिरेक झाल्यास उपयुक्त साधनेही दूर ठेवली जातील, असा एक आक्षेप आहे. माणसाचे निर्णयही पक्षपाती असतात व त्यांची तपासणी तर क्वचितच होते, हा त्याला जोडून येणारा युक्तिवाद तथ्यहीन नाही. शाखेतील अधिकाऱ्याच्या मर्जीपेक्षा तपासलेले प्रतिमान अधिक न्याय्य ठरू शकते. मात्र त्यासाठी ते तपासलेले असावे लागते. धोरणाचा कागद मंजूर करून थांबणारी मंडळे ही अट पूर्ण करीत नाहीत.

देखरेख प्रत्यक्षात आहे किंवा नाही, याची साधी कसोटी संस्थेच्या दारात लागते. ज्याचा अर्ज नाकारला गेला त्या सभासदास समजेल अशा भाषेत कारण मिळाले काय, ते चुकीचे असल्यास दाखविण्याची संधी मिळाली काय आणि हंगाम उलटण्यापूर्वी एखाद्या माणसाने तो निर्णय पुन्हा पाहिला काय, ह्या प्रश्नांची उत्तरे संचालक मंडळास देता आली पाहिजेत.